ओली टाळू

१

टाळूवर पाणी घातल्याशिवाय मी कुणालाही डोहाच्या पुढे सोडत नाही. मग तो डार्विन शहरातून आलेला साहेब असो, नाहीतर मेलबर्नहून आलेली शिकलेली बाई. ज्याला नको असेल त्याने बसमध्ये बसून राहावं आणि काचेतून मगरी बघाव्यात.

रोजचंच आहे हे. पावसाळा सरला, रस्ता उघडला की राष्ट्रीय उद्यान बघायला बस येऊ लागते. क्लिफर्ड बस थांबवतो आणि भोंगा वाजवतो. किती वेळा सांगितलं, वाजवू नकोस, पाणपाखरं उठतात. तर म्हणतो, "आत्या, तू अजून जिवंत आहेस का ते बघायला वाजवतो गं." भावाचा मुलगा आहे म्हणून, नाहीतर त्या भोंग्याचं मी काय केलं असतं ते लिहिण्यासारखं नाही.

मग लोक उतरतात. गळ्यात कॅमेरे, पायात कोरे बूट, अंगाला माश्या हाकलायचं उग्र औषध. मी बादली घेऊन उभी असते. काखेतला घाम हाताला लावते, हात पाण्यात बुडवते आणि एकेकाच्या डोक्यावर ठेवते. बायका नाक मुरडतात. पुरुष खोटं खोटं हसतात. मुरडा, हसा. तुमच्या हौसेसाठी नाही चाललेलं हे. पलीकडे आमची गेलेली जुनी माणसं आहेत, त्यांना तुमच्या अंगाला माझा वास लागलेला कळला पाहिजे. जिवंत बाईचा घाम लागला की तुम्ही माझे. मग तुम्हाला कुणी वाटेतून वळवत नाही.

सगळ्यांचं झालं की मी पाण्याकडे तोंड करून ओरडते. "म्हाताऱ्यांनो, या! सगळे या, बघून घ्या! माझी माणसं आहेत, जशी आली तशी परत जाऊ द्या!" माझा आवाज पलीकडच्या कातळावर आपटून परत येतो. लोकांना तेच आवडतं. टाळ्या वाजवतात, मूर्ख कुठले.

त्या दिवशी रांगेत शेवटी एक उंच, खांद्यात वाकलेला म्हातारा होता. लेनर्ड. शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. टोपी काढ म्हटलं, काढली. मी हात ठेवला तर डोकं ओलं.

"बसमध्ये अंघोळ केलीस काय रे?"

"नाही बाई. तुम्हीच घातलंत ना मघाशी? उतरलो तेव्हा मागून हात आला."

"मी इथून हलले नाही."

"मग..." त्याने मागे वळून पाहिलं. मागे केवड्याचं बन आणि त्याच्या पुढे उभी बस. "थंड हात होता. मला बरं वाटलं."

उन्हात म्हाताऱ्या गोऱ्यांची डोकी फिरतात, हे मी जन्मभर बघत आले आहे. बाटलीतलं पाणी ओतून घेतलं असेल आणि विसरला असेल. मी माझं पाणी घातलं, वर एक टपलीही दिली. तो पुढे गेला तेव्हा मला त्याची मान दिसली. टाळूपासून मानेपर्यंत केसांतून चिखलाची बारीक रेघ ओढलेली होती.

बाटलीच्या पाण्यात चिखल नसतो.

२

आता माझ्या थोरल्या बहिणीबद्दल लिहावं लागेल. नाव लिहिणार नाही. आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत, आणि हा कागद कुणी मोठ्याने वाचला तर मला पंचाईत नको. थोरली म्हटलं की पुरे.

पाणी घालायचं काम आधी तिचं. मी तिच्यामागे बादली धरून उभी असायची. मला अक्षर येत होतं, तिला येत नव्हतं. पिठाच्या गोणीवरची आणि डब्यांवरची अक्षरं लावून लावून मी वाचायला शिकले, शिकवायला कुणी नव्हतं. तरी मान तिचा, बादली माझी. का, तर ती आधी जन्मली. आणि तिची पद्धत तरी काय! स्वच्छ पाणी चालायचं नाही. तळाशी हात घालून गाळ ढवळायची, मग टाळूवर हात ठेवून थेट मानेपर्यंत ओढायची. "मातीशिवाय पाण्याला ओळख नसते," म्हणायची. लोकांचे पांढरे सदरे खराब व्हायचे आणि ऐकून मी घ्यायची. राखेत मळलेली तंबाखू गालात धरून मला म्हणायची, "ये, तुझ्याही डोक्याला लावते." मी कधी वाकले नाही तिच्यापुढे. एकदाही नाही.

ती गेली मागच्या पावसात. रस्ता पाण्याखाली होता, तिला विमानाने नेलं आणि पेटीतून आणलं. डोहात उतरायची तिची जागा, म्हणजे खालचा मोठा उतार, तेव्हापासून बंद आहे. दोराला गेरू फासून वाट अडवली आहे. तिच्या खोलीलाही कुलूप. हिरव्या पानांचा धूर करून घर, वाट, पाणी मोकळं केलं की ती सुटेल आणि आम्हीही सुटू. पण तो धूर तिच्या सासरच्यांनी करायचा असतो. माझ्या हातात असतं तर मी दुसऱ्या दिवशीच केला असता. आणि ते सासरचे! आधी रस्ता बुडाला होता. मग गाडी बिघडली. मग म्हणे फुटबॉलची फायनल आहे, ती झाली की येतो. मेलेलं माणूस ताटकळत बसलंय आणि यांना चेंडू बघायचाय.

इकडे उद्यानाच्या कचेरीतला साहेब रोज दारात. "आजी, हंगाम सुरू झालाय, लोक येणार आहेत." म्हणून मी वरच्या लहान उतारावर काम सुरू केलं. तिथे बंदी नव्हती. तिच्या वाटेवर पाऊल टाकलं नाही, नाव घेतलं नाही, वस्तूला हात लावला नाही. सगळं रीतीने केलं.

फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आमच्या माणसांखेरीज कुणाच्या हातून ती चूक झालीच नसती, कारण दुसरं कुणी असं ओरडतच नाही. मी रोज सकाळी "म्हाताऱ्यांनो, सगळे या" अशी हाक मारत होते. आणि आता थोरलीही त्या सगळ्यांतच होती.

बोलावलं की ती येणारच. जन्मात कुणाचं बोलावणं चुकवलं नाही तिने.

३

पण हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा मी जेवणाच्या सावलीत पाव वाटत होते आणि क्लिफर्डशी भांडत होते.

"आत्या, एक माणूस कमी आहे."

"झाडामागे गेला असेल."

"गेला तो केव्हाच. तो उंच मास्तर."

आम्ही खाली पळालो. मी पळाले म्हणजे काय, क्लिफर्ड पळाला आणि मी शिव्या देत मागून गेले. गेरूचा दोर तुटला नव्हता. त्याच्याखालून वाकून गेल्याच्या खुणा होत्या. लेनर्ड मोठ्या उताराच्या शेवटच्या दगडावर, घोट्यापर्यंत पाण्यात उभा होता. बूट काढून नीट शेजारी ठेवलेले. जणू कुणाच्या घरी आलाय. आणि समोर कमळाच्या पानांत मगरीचे डोळे. क्लिफर्डने त्याला कमरेला धरून मागे ओढलं, दोघेही चिखलात पडले. मगर बुडाली. कसला आवाज नाही की काही नाही.

"वेडा झालास काय रे? बोर्ड वाचता येत नाही? मास्तर होतास ना तू?" मी ओरडले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. घाबरला नव्हता तो. तेच मला बरं वाटलं नाही. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा वैतागला होता.

"मला आत बोलावत होत्या," तो म्हणाला. "तू आमचाच आहेस, म्हणत होत्या. इतक्या मायेने कुणी..." आणि त्याला रडू आलं.

"कोण बोलावत होत्या?"

"तुम्ही नव्हता?"

क्लिफर्ड माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, ऊन लागलंय त्याला, सावलीत ने. त्याचं डोकं मी माझ्या डोक्याच्या फडक्याने खसाखसा पुसलं, चिखलासकट, आणि पुन्हा माझा घाम लावला. हळूहळू माणूस शुद्धीवर आल्यासारखा झाला, चहा मागू लागला. बस निघाली तेव्हा तो खिडकीशी बसला होता, पण डोहाकडे त्याने बघितलं नाही.

त्याच्या केसांचा वास मात्र माझ्या फडक्याला राहिला. राखेत मळलेल्या तंबाखूचा. लेनर्डने तंबाखू खाल्ली नसणार, दात पांढरे होते त्याचे.

४

मी सहजासहजी असल्या गोष्टींना बधणारी बाई नाही. गेलेली माणसं आहेत हे मला ठाऊक आहे, जसं शेजारी कुणी राहतं हे ठाऊक असतं. म्हणून दर खडखडाटाला भूत म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. आधी माणसाने नळ बघावा.

आमचं घर पत्र्याचं. एक खोली माझी, एक तिची, मध्ये ओटा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिठाचे गोळे करत बसले होते तेव्हा तिच्या खोलीतून आवाज आला. लोखंडी मग बादलीच्या काठावर आपटतो तसा. टण्. मग पाणी ढवळल्यासारखं काहीतरी. मग पुन्हा टण्.

क्लिफर्डला हाक मारली. तो पाना घेऊन आला.

"टाकीची नळी गळत असेल," मी म्हटलं.

त्याने घराला फेरी मारली, नळी हाताने चाचपली. "कोरडी ठणठणीत आहे. आत्या, खोलीत उंदीर असेल."

"उंदीर बादलीत मग बुडवतो का रे?"

"इथले उंदीर आळशी नाहीत, माझ्यासारखे." हसला, पण दाराजवळ गेला नाही. दाराच्या खालच्या फटीकडे बघत राहिला. मीही बघितलं. फटीतून पाणी आलं नव्हतं. फक्त सिमेंटवर, दाराच्या बाहेर, आमच्या बाजूला, ओल्या टाचेचा ठसा होता. एकच. आमच्या डोळ्यांदेखत वाळला आणि दिसेनासा झाला.

"त्या फायनलवाल्यांना फोन कर," मी म्हटलं. "म्हणावं आजच या."

"केला सकाळीच. म्हणतात, येऊ लवकर. आणि आत्या, कॉरीनचाही फोन होता. इकडे यायला निघालीय. बाळाला घेऊन."

माझ्या हातातला गोळा खाली पडला.

५

कॉरीन थोरलीची मुलगी. आमच्यात मावशी आणि आई वेगळ्या नसतात, तेव्हा थोरली गेल्यापासून तिची आई मीच. डार्विनच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली होती. त्या पोरीचे पाय अजून आमच्या मातीला लागले नव्हते, पाण्याला तिचा वास ठाऊक नव्हता. तिच्या टाळूवर पहिलं पाणी माझ्या हातचं पडायला हवं होतं. त्या दिवसाची मी किती वाट बघत होते! आणि आता मी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी होते.

तिची गाडी धूळ उडवत आली आणि माझ्या पायांपाशी थांबली.

"आई, मरायचंय का तुला?"

"परत फिर."

"काय?"

"मागे फाट्यापर्यंत जाऊन थांब. धूर झाला की ये."

कॉरीन खाली उतरली. तोंड थोरलीचं, जीभ माझी. "इतक्या लांबून आले. पोर गाडीत घामाने निथळतेय. आणि तू परत फिर म्हणतेस? माझी आई असती ना, तर पळत आली असती बादली घेऊन."

"तेच तर सांगतेय मी!"

"काय सांगतेयस?"

काय सांगणार? तुझी आई बादली घेऊन आली आहे, असं? मी तिला लेनर्डचं सांगितलं, टाचेचं सांगितलं. नाव न घेता, आडून आडून. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती आणि तिचा चेहरा आंबट होत चालला होता.

"तू आयुष्यभर तिच्याशी भांडलीस," ती म्हणाली. "आता ती नाही तरी तुझं संपत नाही. तिची नात आहे गं ही. आजीचा हात लागला तर काय होईल?"

"मास्तर पाण्यात गेला."

"तो परका होता."

"त्यालाही ती तू आमचाच म्हणाली, कॉरीन. तिला आता कळत नाही कोण इकडचा नि कोण तिकडचा."

कॉरीनने खांदे पाडले. मग म्हणाली, "बरं. पण आधी तिला घे तरी. मागच्या सीटवर आहे. आणि मला एक सांग, परत पाठवायचं होतं तर मघाशी खिडकीतून हात घालून पाणी कशाला लावलंस तिला?"

मी गाडीच्या पुढे उभी होते. पहिल्यापासून.

६

पोर जागी होती. रडत नव्हती. टाळूवरचं जावळ चप्प बसलं होतं आणि जिथे टाळू अजून भरलेली नव्हती तिथे चमचाभर गढूळ पाणी साचलं होतं, नाडीबरोबर हलत होतं. मानेच्या इवल्या घडीपर्यंत चिखलाची रेघ. आणि तंबाखूचा वास.

मी तिला उचललं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून, झाडांपलीकडे, मोठ्या उताराच्या दिशेने बघत ती हसली. एवढ्या लहान पोरी ओळखीचं हसत नाहीत. मी तिला फिरवलं तर तिने मान वळवली. पुन्हा फिरवलं, पुन्हा मान तिकडेच. मग ती अंग ताणू लागली, माझ्या हातांतून तिकडे झेप घेऊ लागली. कॉरीनने हे पाहिलं आणि माझा दंड धरला.

"आई," ती म्हणाली. "आई, कर ना काहीतरी."

मी डोक्याचं फडकं सोडलं. पोरीची टाळू हलक्या हाताने टिपली, मान टिपली, जावळातला कण न् कण टिपला. मग माझा घाम लावला, कपाळाला, छातीला, तळपायांना. पोर किंचाळली. तशी किंचाळायलाच हवी होती. ते ओलं फडकं मी मुठीत घट्ट धरलं.

"गाडीत बस. काचा वर कर. मी हाक मारली तरी उघडू नकोस. माझ्याच आवाजात मारली तरी."

मग मी गेरूच्या दोराखालून वाकून गेले. रीत मोडली, माहीत आहे मला. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी आधी फायनल संपवून यावं.

मोठ्या उतारावर एक पाखरू नव्हतं. दुपारचं पाणी काचेसारखं, तळ दिसत होता. मी शेवटच्या दगडावर उभी राहिले आणि तोंड सोडलं.

"काय चालवलंयस तू? अं? परक्या मास्तरालाही लावतेस, दुधपित्या पोरीलाही लावतेस! कुणी सांगितलं तुला? मी सगळे या म्हटलं, म्हणून आलीस? अगं, मी म्हाताऱ्यांना बोलावत होते, तुला नाही! तुझ्या सासरच्यांना अजून पान पेटवता येत नाही त्याला मी काय करू? एकटी पडलीस म्हणून लेकरू न्यायचं? स्वतःच्या लेकीचं?"

कातळावरून माझा आवाज परत आला नाही.

त्याऐवजी दगडापाशी तळाचा गाळ उठू लागला. स्वच्छ पाण्यात, आत काहीच नसताना, हळूहळू गोल फिरत. कुणीतरी हात घालून ढवळावं तसा. मी मासा शोधला, कासव शोधलं. मगर असावी अशी प्रार्थना केली. मग डावीकडे, केवड्याच्या मुळांआडून, मला कोपर दिसलं. फक्त कोपर, आणि त्यावर जुना वण. जिताडा मासा कापताना सुरी लागली होती तिला. मीच बांधलं होतं ते.

कोपर थांबलं. गाळही थांबला. ती ऐकत होती.

मी म्हटलं, "पोर सोड. तुला एका वेळी दोघींच्या मागे लागता आलं नाही कधी. मीच पुरत होते तुला."

मग मी ते ओलं फडकं स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, गुडघे टेकले, आणि मान खाली घातली. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं नाही. लिहिणारी आहे म्हणून बघायला हवं होतं असं कुणाला वाटलं, तर त्याने स्वतः जाऊन तिथे बसावं.

हात आला. टाळूवर थांबला. मग सावकाश, केस विंचरावेत तसा, मानेपर्यंत गेला.

किती थंड! आणि किती वेळ घेतला तिने, किती चवीने! जन्मभर वाट बघितल्यासारखा.

७

कॉरीनची पोर आता माझ्या ओट्यावर पालथी पडून मुठी चोखते. मी रोज सकाळी तिच्या टाळूला हात लावून बघते. कोरडी आहे. हाक मारली की माझ्याकडे बघते, माणसाच्या पोरीसारखी. बस येते, मी लोकांना पाणी घालते, पण पाण्याकडे तोंड करून आता काही ओरडत नाही. लोकांना टाळ्या वाजवायला मिळत नाहीत म्हणून क्लिफर्ड कुरकुरतो. कुरकुरू दे.

फायनल संपली. यांची टीम हरली, त्याचं दुःख चाललंय. धूर करायला येणार आहेत, लवकरच, असं कळवलंय. तोवर दम धरायचा आहे मला, बाकी काही नाही.

बाहेर कोरडा वारा सुटलाय. जाड पांघरूणही दोरीवर टाकेपर्यंत वाळतं. माझे केस वाळत नाहीत. फडक्याने पुसते, चुलीपाशी बसते, उन्हात सोडून ठेवते. मानेवरची रेघ मी धुते आणि ती असते. कॉरीन काही विचारत नाही. येऊन माझ्या पाठीशी, डोहाच्या बाजूला बसते आणि पोरीला माझ्या मांडीवर देते, म्हणजे मला पटकन उठता येऊ नये.

हाक येते. दुपारी, पाखरं गप्प झाली की. फार गोड आवाजात. एवढं गोड ती जिवंतपणी कधी बोलली नाही माझ्याशी.

ऐकू येतं मला. बहिरी नाही मी. पण तिच्या पहिल्या हाकेला मी आयुष्यात कधी उठले नाही, ते आता काय म्हणून उठू? बस म्हणावं वाट बघत.